क्रोनोग्राफ मंद वेग पकडत नाही तेव्हा

क्रोनोग्राफ म्हणजे उडत्या वस्तूचा वेग मोजणारं यंत्र. बंदुकीतून सुटलेल्या छऱ्याचा वेग न चुकता सांगणारं हे यंत्र फोमच्या डार्टपुढे गप्प बसतं. लहान मुलांचं धनुष्य, बेचकी, फुंकून डार्ट सोडायची नळी, प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा लाँचर, चेंडू फेकणारं यंत्र, यांपैकी काहीही मोजायला घ्या, तक्रारी त्याच येतात. पडदा कोरा राहतो. किंवा एरर येतो. किंवा पाच-सहा वेळा सोडल्यावर एकदा आकडा उमटतो. चौथी तक्रार सगळ्यात फसवी: डोळ्यांना उडताना स्पष्ट दिसणाऱ्या डार्टचा वेग यंत्र बाणाच्या वेगाइतका दाखवतं.

यावर नेहमीचा सल्ला मिळतो तो बॅटरी बदलण्याचा, सेन्सर पुसण्याचा आणि यंत्र उन्हातून सावलीत किंवा सावलीतून उन्हात नेण्याचा. तो करून बघाच, दोन मिनिटांचं काम आहे. पण मंद वेगाचे दोष वेगळ्या जागी असतात आणि या उपायांनी ते बहुधा जात नाहीत.

घड्याळावर संशय नको

साध्या क्रोनोग्राफमध्ये दोन सेन्सर असतात, बऱ्याच मॉडेलांत एकमेकांपासून १ फुटावर, म्हणजे साधारण ०.३ मीटरवर. पहिल्याने चाहूल दिली की घड्याळ सुरू, दुसऱ्याने दिली की बंद. अंतर भागिले वेळ, झाला वेग. ३०० मीटर प्रति सेकंद वेगाचा छर्रा हे अंतर १ मिलिसेकंदात कापतो. ६० मीटरने (इथून पुढे वेगाचे मीटर आणि फूट सेकंदालाच धरा) जाणाऱ्या बाणाला ५ मिलिसेकंद लागतात, १० मीटरच्या डार्टला ३०, आणि ५ मीटरने जाणाऱ्या चेंडूला ६०. मायक्रोसेकंद मोजणाऱ्या घड्याळाला यातलं शेवटचं काम सगळ्यात सोपं. म्हणून "एवढा कमी वेग मोजण्याइतकं यंत्र अचूक नाही" हे निदान मला पटत नाही. अचूकता भरपूर असते. अडतं ते दोन ठिकाणी: सेन्सरला वस्तू दिसण्यात आणि यंत्राच्या वाट पाहण्यात.

आधी दिसण्याचं बघू. सेन्सर वरच्या उजेडाकडे पाहत असतो आणि वस्तू वरून गेली की उजेड किंचित कमी होतो. ढग सरकला, झाडाची सावली हलली, कोणी बाजूने गेलं, की उजेडात पडणारा फरक छऱ्याच्या सावलीपेक्षा किती तरी मोठा असतो. यंत्राने त्याला भुलू नये म्हणून सर्किटमध्ये असा फिल्टर असतो जो फक्त झटपट बदल पुढे जाऊ देतो आणि सावकाश बदल अडवतो. सेन्सरच्या नजरेची पट्टी ५ मिलिमीटर रुंद आहे असं धरा. ३०० मीटरचा छर्रा ती १७ मायक्रोसेकंदांत झाकतो, १० मीटरचा डार्ट अर्ध्या मिलिसेकंदात, आणि ३ मीटरचा चेंडू जवळपास १.७ मिलिसेकंदांत. म्हणजे तोच बदल तीसपट ते शंभरपट संथ झाला. यंत्र बनवणाऱ्याने फिल्टरची मर्यादा छऱ्यांच्या हिशेबाने ठेवली असेल, तर तुमच्या चेंडूची सावली त्याच्या लेखी ढगात जमा होते. यंत्र बिघडलेलं नाही. जे टाळायला त्याला सांगितलं आहे तेच ते टाळतं आहे.

वस्तूच्या तोंडाचा आकारही यात येतो. बोथट तोंडाचा डार्ट पट्टी एकदम झाकतो, निमुळत्या टोकाचा बाण हळूहळू झाकत जातो. म्हणून एकाच वेगाची गोटी दिसते आणि बाण दिसत नाही, असं घडू शकतं.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. पहिल्या सेन्सरने चाहूल दिल्यावर दुसरीकडून ठरावीक वेळात काही आलं नाही, तर यंत्र तो प्रयत्न सोडून देतं. किती वेळ थांबायचं हे प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं आणि त्यावरच त्याची किमान वेगमर्यादा ठरते. माहितीपुस्तिकेत ती छापलेली असते, पण खरेदी करताना सगळ्यांची नजर कमाल मर्यादेकडे जाते. रडारवर चालणाऱ्या यंत्रांनाही किमान मर्यादा असते. लॅबरडारची ६५ फूट प्रति सेकंद, म्हणजे जवळपास २० मीटर. गार्मिनच्या झीरो सी१ ची १०० फूट, म्हणजे साडेतीस मीटर. तुमचा डार्ट १५ मीटरने जात असेल तर यांच्यासमोर कितीही नेम धरून सोडा, उपयोग नाही.

एककही इथेच तपासून घ्या. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट. पडद्यावरचे ४५ फूट हे ४५ मीटर समजून वाचले गेले, की पुढची सगळी चर्चा चुकीच्या वाटेने जाते.

आधी गोटी टाकून बघा

काहीही उघडण्याआधी, काहीही विकत घेण्याआधी ही चाचणी करा. मंद वेगासाठी याहून भरवशाचं प्रमाण घरबसल्या मिळत नाही, कारण इथे वेग गुरुत्वाकर्षण देतं आणि ते किती देतं हे आपल्याला ठाऊक असतं.

क्रोनोग्राफ उभा करा, असा की एक सेन्सर बरोबर दुसऱ्याच्या वर येईल आणि सुरुवातीचा सेन्सर वर राहील. एरवी वरून येणारा उजेड आता बाजूने द्यावा लागेल; समोर पांढरा कागद लावून त्यावर बॅटरीच्या दिव्याचा झोत टाकला की भागतं. वरच्या सेन्सरच्या रेषेपासून मोजून ठरावीक उंचीवरून पोलादी गोळी किंवा काचेची गोटी सोडा. ढकलू नका, नुसती बोटं उघडा. उंची गोटीच्या खालच्या कडेपासून मोजा, कारण सेन्सरला आधी तीच कड दिसते. खाली जाड कापड अंथरलेलं बरं.

हिशेबात एक खाच आहे. गोटी दोन सेन्सरांच्या मधेही वेग घेत असते, त्यामुळे यंत्र दाखवणार तो मधला सरासरी वेग, पहिल्या सेन्सरपाशी असलेला वेग नाही. सेन्सरमधलं अंतर ०.३ मीटर धरून आकडे असे येतात: अर्ध्या मीटरवरून सोडलेल्या गोटीचा वेग ३.५५ मीटर प्रति सेकंद दिसायला हवा, १ मीटरवरून ४.७४, आणि २ मीटरवरून ६.४९. फुटांत हेच अनुक्रमे ११.६, १५.५ आणि २१.३. अंतर नेमकं १ फूट असलं तरी फरक नगण्य पडतो. गोटी जड आणि गुळगुळीत असल्याने एवढ्याशा उंचीत हवेचा विरोध विसरता येतो. पिंगपाँगचा चेंडू मात्र या चाचणीला घेऊ नका.

आता निकाल वाचा. २ मीटरवरून आकडा बरोबर आणि अर्ध्या मीटरवरून पडदा कोरा, तर यंत्राची वाट पाहण्याची मर्यादा तरी आडवी येते आहे किंवा फिल्टर तरी. गोटी तिन्ही उंचींवरून बरोबर पण डार्ट दिसत नाही, तर वेगाचा प्रश्नच नाही, डार्टचा रंग, आकार किंवा उजेड बघायचा. सगळे आकडे एकाच प्रमाणात कमी किंवा जास्त, तर सेन्सरमधलं खरं अंतर यंत्राने धरलेल्या अंतराहून वेगळं आहे. घडीच्या क्रोनोग्राफमध्ये बिजागरी पूर्ण उघडली नसली तरी असं होतं. आणि गोटीचा वेग तीस-चाळीस मीटर दिसला, तर पुढचा भाग नीट वाचा.

अशक्य वाटणारे मोठे आकडे

याची दोन कारणं मला सर्वाधिक वेळा सापडतात आणि दोन्ही ओळखायला सोपी आहेत.

पहिलं, घरातला उजेड. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी ट्यूबलाइट किंवा साधा एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी. छर्रा १ मिलिसेकंदात दोन्ही सेन्सर पार करून मोकळा होतो, त्यामुळे या लुकलुकीच्या कचाट्यात तो क्वचितच सापडतो. १० मीटरच्या डार्टला ३० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात दिवा तीनदा लुकलुकून गेलेला असतो. यातल्या एखाद्या लुकलुकीला दुसरा सेन्सर वस्तू समजला, की घड्याळ बंद. "याच दिव्याखाली छर्रे तर बरोबर मोजले जातात" हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

ओळखायचं कसं? सेन्सरमध्ये १ फूट अंतर असेल तर १० मिलिसेकंद म्हणजे बरोबर १०० फूट प्रति सेकंद. २० मिलिसेकंद म्हणजे ५०, ३० म्हणजे ३३. पडद्यावर हेच आकडे किंवा त्यांच्या अगदी जवळचे आकडे पुन्हा पुन्हा येत असतील, आणि डार्टऐवजी चेंडू हळूच टाकला तरी तेच येत असतील, तर यंत्र विजेचा ठेका मोजतं आहे. ६० हर्ट्झची वीज असेल तिथे हे आकडे १२०, ६० आणि ४० होतात. उपाय म्हणजे दिवसाचा उजेड, किंवा बॅटरीवर थेट चालणारा एलईडी. जुना तारेचा बल्ब ट्यूबपेक्षा बराच कमी लुकलुकतो, त्याने बहुतेकदा काम होतं. डिमरने मंद केलेला एलईडी टाळा. त्यातले बरेच दिवे भराभर चालू-बंद करूनच मंद केलेले असतात.

दुसरं कारण घरी बनवलेल्या यंत्रांत भेटतं. आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डावर, त्यातला टायमर १ वापरून चालणारी बरीच स्केचेस (म्हणजे प्रोग्रॅम) छऱ्यांसाठी लिहिलेली असतात. हा टायमर १६ बिटांचा आहे, ६५,५३६ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतो. १६ मेगाहर्ट्झवर प्रीस्केलर (टायमरची गती ठरावीक पटीने कमी करणारं सेटिंग) न लावता तो ४.०९६ मिलिसेकंदांत भरतो. ०.३ मीटर अंतराला याचा अर्थ असा की ७३ मीटरपेक्षा कमी वेग त्याच्या आवाक्यातच नाही. प्रीस्केलर ८ केला तर मर्यादा ३२.७६८ मिलिसेकंद आणि साधारण ९.२ मीटरपर्यंत खाली येते. ६४ केला तर २६२ मिलिसेकंद, म्हणजे १.१५ मीटरपर्यंत. तेव्हा टायमरच्या एका ठोक्याला ४ मायक्रोसेकंद लागतात आणि मंद वेगासाठी ते हवं त्यापेक्षा बारीकच आहे.

प्रोग्रॅममध्ये टायमर भरल्याची नोंद घेतलेली नसेल तर आकडा चुकतोच, वर तो पटण्यासारखाही दिसतो. प्रीस्केलर ८ असताना डार्टला ४० मिलिसेकंद लागले, तर टायमरमध्ये उरतात ७.२३. खरा वेग ७.५ मीटर, पडद्यावर ४१.५. वस्तू जसजशी हळू सोडाल तसतसा आकडा आधी उतरतो आणि मग एका ठिकाणी अचानक उसळतो, ही त्याची खूण. टायमर भरल्यावर येणारा इंटरप्ट (टायमरने प्रोग्रॅमला दिलेली सूचना) मोजा, किंवा सरळ मायक्रोसेकंदांत वेळ सांगणारं मायक्रोज हे फंक्शन वापरा. उनोवर त्याचीही पायरी ४ मायक्रोसेकंदांचीच आहे आणि ते सुमारे ७० मिनिटांनी शून्यावर येतं, तोवर तुमचा डार्ट नक्की पोचलेला असेल.

आकडा येतो, पण कमी येतो

छर्रा दोन सेन्सरांमध्ये सरळ जातो असं धरून चालतं. मंद वस्तू मात्र वाटेत पडत असते. ०.३ मीटर कापताना १० मीटर वेगाची वस्तू ४.४ मिलिमीटर खाली येते, ५ मीटरची १७.६, आणि ३ मीटरची जवळपास ५ सेंटिमीटर. सेन्सर आडव्या किरणाचे असतील, म्हणजे एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला डोळा, तर हे पडणं थेट आकड्यात शिरतं. ४० मिलिमीटर व्यासाच्या चेंडूचा मध्य पहिल्या किरणावर असेल आणि दुसऱ्या किरणापाशी तो १७.६ मिलिमीटर खाली गेला असेल, तर तिथे चेंडूची पुढची कड साडेदहा मिलिमीटर उशिरा लागते. साडेतीन टक्के वेग असाच गेला. वर पाहणाऱ्या सेन्सरांना हा त्रास होत नाही. त्यांना वस्तू डावी-उजवीकडे सरकली तर होतो.

नेम वर धरून सोडलं तर वेगळी चूक होते. यंत्र आडवं असेल तर ते वेगाचा फक्त आडवा भाग मोजतं. १० अंशाला दीड टक्का, २० अंशाला ६, ३० अंशाला १३ टक्के वेग कमी दिसतो. यंत्र वस्तूच्या वाटेशी समांतर कलतं ठेवा, एवढंच.

हलक्या वस्तू हवेत झपाट्याने मंदावतात, हेही लक्षात असू द्या. फोमचा डार्ट नळीच्या तोंडाशी एक वेग दाखवेल आणि दोन मीटरवर दुसरा, आणि दोन्ही बरोबर असतील. दोघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून वाद होतो तेव्हा कोणी किती अंतरावर मोजलं हे मी आधी विचारतो. वेगाच्या प्रत्येक नोंदीबरोबर नळीच्या तोंडापासून पहिल्या सेन्सरपर्यंतचं अंतर लिहा.

बाण आणि बेचकी

बाण दोन सेन्सरांमधल्या अंतरापेक्षा लांब असतो. टोक दुसऱ्या सेन्सरपाशी पोचलं तरी शेपूट पहिल्यावरच असतं. टोकाच्या चाहुलीवर मोजणाऱ्या यंत्राला याची अडचण नाही, पण चकचकीत दांडा उजेड परतवतो आणि पिसं नव्याने सावली पाडतात, तेव्हा कधी टोकाने सुरू केलेलं घड्याळ भलत्याच भागाने बंद होतं. टोकाजवळच्या एक-दोन इंचांवर काळा मॅट टेप गुंडाळा. आकडे स्थिर झाले तर दोष तोच होता. धनुष्यातून सुटताना बाण वाकत-सरळ होत जातो, म्हणून यंत्र अगदी धनुष्याला चिकटवू नका, दोन-तीन मीटर पुढे ठेवा.

बेचकीच्या बाबतीत गोळीमागोमाग रबर आणि चामड्याचा तुकडाही पुढे झेपावतो. पहिला सेन्सर त्याच्या पल्ल्यात असेल तर चाहूल कोणाची हे कळत नाही. एक मीटर मागे सरा. यंत्रावर आणि माणसांवर नेम चुकून लागू शकतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा आणि यंत्रापुढे जाड पुठ्ठा हवाच.

कायमचा इलाज

वारंवार मंद वेगच मोजायचे असतील तर छऱ्यांच्या यंत्राशी झगडण्यात अर्थ नाही. किरण तुटला की चाहूल देणारे दोन इन्फ्रारेड गेट बनवा. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर तो उजेड टिपणारा फोटोट्रान्झिस्टर, त्यापुढे एलएम३९३ सारखा कम्पॅरेटर, म्हणजे सिग्नल ठरावीक पातळीच्या वर आहे की खाली एवढंच सांगणारी चिप. मधे कपॅसिटर घालून सिग्नल अडवू नका; किरण तुटलेला असेपर्यंत सिग्नल तसाच राहिला पाहिजे, मग वस्तू मुंगीच्या पावलांनी गेली तरी दिसेल. कम्पॅरेटरला थोडा हिस्टेरिसिस द्या, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत थोडं अंतर ठेवा, नाहीतर संथ कड ओलांडताना आउटपुट चार-पाचदा थरथरतं आणि प्रत्येक थरथर नवी चाहूल ठरते. रिमोटसाठी मिळणारे ३८ किलोहर्ट्झचे रिसीव्हर इथे सहसा घेऊ नयेत. त्यांतले बरेच सतत येणारा सिग्नल गोंगाट समजून स्वतःच दाबून टाकतात.

गेटमधलं अंतर कमी केलं की वस्तूचं पडणं आणि वाट पाहण्याची मर्यादा दोन्ही सुटतात. पण अंतर मोजण्यातली १ मिलिमीटरची चूक ३०० मिलिमीटरला ०.३ टक्के असते ती १०० मिलिमीटरला १ टक्का होते. मी १० मीटरखालच्या वेगांना १०० ते १५० मिलिमीटर ठेवतो आणि अंतर कॅलिपरने मोजतो.

तयार यंत्रच वापरायचं असेल तर दोन गोष्टींनी बराच फरक पडतो: फिक्या रंगाच्या डार्टचं तोंड काळं करणं, आणि वस्तू सेन्सरच्या शक्य तितक्या जवळून जाईल अशी सोडणं. जवळून गेली की तिची सावली मोठी आणि कडक पडते.

क्रोनोग्राफशिवाय पडताळा

यंत्राचा आकडा पटत नसेल तर आवाजाने तपासा. २ मीटरवर पत्र्याचा डबा ठेवा आणि सुटल्याचा आवाज व आदळल्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन शिखरांमधला वेळ मोजता येतो. १० मीटरच्या डार्टला २०० मिलिसेकंद लागतील. फोन नळीपाशी असेल तर आदळल्याचा आवाज ५.८ मिलिसेकंद उशिरा येतो, तेवढा वेळ वजा करा. न केल्यास जवळपास ३ टक्के वेग कमी भरतो. फोन नळी आणि डबा या दोन्हींपासून सारख्या अंतरावर ठेवला तर वजाबाकीची गरजच उरत नाही. एवढ्या अंतरात डार्ट २० सेंटिमीटर खाली येतो, डबा त्या हिशेबाने ठेवा.

व्हिडिओनेही होतं. सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रीकरणात १० मीटरची वस्तू १ मीटर अंतर २४ फ्रेममध्ये कापते, म्हणजे एका फ्रेमची चूक ४ टक्के. २ मीटर घेतलं तर २ टक्के. मोजपट्टी वस्तूच्या वाटेच्याच प्रतलात धरा. ती मागच्या भिंतीवर लावली, कॅमेरा वाटेपासून ३ मीटरवर असला आणि भिंत आणखी ३० सेंटिमीटर मागे असली, तर वेग १० टक्के जास्त निघतो. काही फोन फ्रेमचा दर मधेच बदलतात, म्हणून त्याच सेटिंगवर आधी चालू स्टॉपवॉचचं चित्रीकरण करून फ्रेम मोजून घ्या.